तेरा फूट नऊ इंच

मागच्या वर्षी घरात गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी यूट्यूबवर रिव्ह्यू बघत बसलो होतो आणि बाबांनी काय केलं, तर माळ्यावरून टेप काढली आणि पोर्च मोजायला घेतला. आमचं घर नाशिकला सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या जवळ, सिडकोच्या जुन्या स्कीममधलं, वर एक मजला नंतर चढवलेला. बाबांची तीस वर्षं अंबडला गाड्यांचे पार्ट पुरवणाऱ्या एका वेंडरच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, गेली त्यामुळे मोजमाप हा त्यांचा धर्मच. मी टेपचं एक टोक भिंतीला धरून उभा, ते गेटपाशी उकिडवे बसलेले, आणि आतून आई विचारतेय की तुळशीची कुंडी धरून मोजताय की सोडून. कुंडी सोडून भरलं तेरा फूट नऊ इंच. बाबांनी ते बॉलपेनने लाइटच्या मीटरच्या बोर्डावर लिहून ठेवलं, अजून आहे तिथे.

शोरूमला गेल्यावर मजा कळली. सात-आठ गाड्या बघितल्या आणि त्यातल्या बहुतेक ३९९० नाहीतर ३९९५ मिलीमीटर. बाबा म्हणाले सगळ्यांचे पोर्च आपल्याएवढेच असतात काय रे? पोर्च नाही, टॅक्स. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली आणि छोटी कुणाला म्हणायचं तर चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० पर्यंत. बस, त्या दिवसापासून सगळ्या कंपन्या चार मीटरच्या आत काय काय कोंबता येईल ह्याच्या मागे. डिझायर आठवते का पहिली, २००८ ची, मागे चांगली लांब डिकी होती, आणि २०१२ ची आली तर कुणीतरी मागून सुरीने कापल्यासारखी, कारण ती ३९९५ मध्ये बसवली. लोक हसले आणि रांगा लावून घेतली. आता जीएसटीतपण तेच, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४०. म्हणजे आपण जे म्हणतो ना की इंडियन लोकांना छोटी एसयूव्ही आवडते, ती आवड अर्धी तर अर्थमंत्र्यांची आहे.

हे सगळं मी मंदारला फोनवर सांगत होतो. मंदार माझा मावसभाऊ, जर्मनीत असतो, आणि त्याला गाड्यांचं भारी वेड. त्याच्याकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया आहे पण आपल्याकडची नाही, स्टेशन वॅगन, मागे छत सरळ लांब गेलेली. त्याने व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवली, मागची सीट पाडून सायकल आडवी घातलेली, कुत्र्याची जागा, सगळं, आणि बाबा सगळं शांतपणे बघून म्हणाले, छान आहे, पण अँब्युलन्ससारखी दिसते रे. मंदार खवळला. काका, इकडे फॅमिली माणूस हीच घेतो! बाबांचा पुढचा प्रश्न, लांबी किती? चार मीटर एकोणसत्तर. बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला, पंधरा फूट चार-साडेचार इंच, पुढचं चाक हॉलमध्ये येईल म्हणाले.

पण अँब्युलन्स हा काही फक्त बाबांचा शब्द नाही हं. बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी, ह्या सगळ्या स्टेशन वॅगन येऊन गेल्या इथे, गाडी म्हणून एकही वाईट नव्हती आणि एकही धड खपली नाही. आपल्याला डिकी वेगळी दिसायला लागते. डिकी म्हणजे मोठी गाडी हे डोक्यात बसलेलं आणि आता डिकी गेली तर त्याजागी उंची आली, पण छत लांब सरळ मागे गेलं की सामानाची गाडी. तिकडे तेच छत बघून लोक म्हणतात संसारी माणूस दिसतोय.

आणि सगळ्यात भारी उदाहरण तर आपल्या नाशिकचंच आहे, लोगन. आता नव्या पोरांना आठवणार नाही. रेनॉने २००४ मध्ये रोमानियात डाशिया ब्रँडखाली काढली, डोक्यात एकच गोष्ट, ५००० युरोत गाडी द्यायची. त्यासाठी किती काटकसर, तर दोन्ही बाजूंचे आरसे एकाच साच्यातले, डावा उजवीकडे लागेल असा. गरीब देशांसाठी बनवलेली गाडी, पण फ्रान्स जर्मनीतले लोक म्हणाले अरे आम्हालापण पाहिजे, आणि तिकडे ती अशी चालली की त्याच घराण्यातली सँडेरो २०२४ मध्ये अख्ख्या युरोपात एक नंबर खपली. हीच लोगन २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनॉ मिळून नाशिकला बनवायला लागले. बाबांच्या शॉपमध्ये तिचे दोन ब्रॅकेट निघायचे, त्यामुळे घरात लोगनबद्दल बोलणं म्हणजे भाचीच्या लग्नाबद्दल बोलल्यासारखं. बाबा अजून म्हणतात एवढं दणकट सस्पेन्शन बघितलं नाही, खड्ड्यात कळायचंच नाही. आणि चालली नाही. का? एक तर लांबी सव्वाचार मीटर, म्हणजे ती १६ टक्क्यांवाली सवलत गेली, जी गाडी स्वस्तात द्यायला जन्माला आली तीच इथे मोठ्यांच्या टॅक्समध्ये बसली. आणि दुसरं म्हणजे दिसायला खोका. जर्मनीतल्या माणसाने शेजाऱ्याला सांगितलं की मी एवढ्या कमी पैशात नवीकोरी गाडी आणली तर शेजारी म्हणतो हुशार आहेस. आपल्याकडे पाच-सहा लाख घातल्यावर ती पाच-सहा लाखाची दिसू नये, आठची दिसावी! लोगन पाहून लोक विचारायचे, टॅक्सीला लावणार का. पुढे रेनॉ बाजूला झाली, महिंद्राने नाव बदलून व्हेरिटो केलं, मग २०१३ मध्ये मागून आखूड करून व्हेरिटो व्हाइब नावाने चार मीटरच्या आतपण आणली, पण एकदा टॅक्सीचा शिक्का बसला तो बसला. आणि टॅक्सीवाल्यांना विचारा, ते लोगनचं नाव काढल्यावर कानाला हात लावतील, आदराने.

बाबांनी हे ऐकून टेप उलगडली, सव्वाचार मीटर म्हणजे तेरा अकरा. दोन इंच बाहेर. म्हणाले बरं झालं तेव्हा नाही घेतली.

मग तो खेळच झाला आमच्या घरात, कुठल्याही देशाची गाडी निघाली की आमच्या पोर्चमध्ये बसते का. जपानची एन-बॉक्स, होंडाची, तिथे गेली कित्येक वर्षं सगळ्यात जास्त खपणाऱ्यांमध्ये, ती अकरा फूट दोन इंचाच्या आत. दोन-अडीच फूट शिल्लक, आई म्हणाली मग कुंडी हलवायची गरज नाही. तिथे के-कार म्हणून वेगळा वर्गच आहे, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, इंजिन ६६० सीसी, ह्याच्या आत राहिलात तर टॅक्स कमी आणि नंबर प्लेट पिवळी. आपल्याकडे पिवळी म्हणजे टॅक्सी, तिकडे पिवळी म्हणजे शहाणा माणूस. आणि मोठी गाडी घ्यायची तर पार्किंगची जागा आहे, तीपण घरापासून २ किलोमीटरच्या आत, असा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. हे जर आपल्याकडे केलं तर पवननगरच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या उद्या सकाळी उचलाव्या लागतील, माझ्या शेजाऱ्याची धरून. आपली मारुती ८०० हीपण मूळची ह्याच के-कार घराण्यातली, तिकडे तिला साडेपाचशेच्या आत इंजिन होतं, इकडे येताना ७९६ झालं. म्हणजे त्यांच्या मोजपट्टीतून निघालेल्या गाडीवर आपण गाडी चालवायला शिकलो.

आणि अमेरिकेची एफ-१५०. चार दारांची घेतली तर एकोणीस फूट. बाबा टेप घेऊन रस्त्यावर गेले, गटारावरच्या फरशीच्या पलीकडे. अमेरिकेत फोर्डचं हे एफ-सिरीज पिकअपचं घराणं चाळीसहून जास्त वर्षं एक नंबरला आहे, आणि सगळे काही शेतकरी नाहीत, ऑफिसला जाणारे, मुलांना शाळेत सोडणारे लोक घेतात. रुंद रस्ते आहेत, पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त आहे, हे आहेच, पण त्यात एक कोंबडीचा किस्सा आहे जो मला फार आवडतो. साठच्या दशकात युरोपवाल्यांनी अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर टॅक्स बसवला, तर अमेरिकेने चिडून १९६४ मध्ये बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर २५ टक्के बसवला. कोंबडीचं भांडण कधीच संपलं, ट्रकचा टॅक्स राहिला. त्यामुळे पिकअपमध्ये बाहेरच्या कंपन्यांना अमेरिकेत शिरणं अवघड आणि घरच्या कंपन्यांचं फावलं, मग त्या तिथेच सगळा जीव ओतणार ना.

नॉर्वेचं तर सरळच आहे, इलेक्ट्रिकवर ठराविक किमतीपर्यंत व्हॅट माफ आणि पेट्रोलवर दणकून टॅक्स, २०२४ मध्ये नव्या गाड्यांतल्या शंभरात जवळपास ८९ इलेक्ट्रिक. सिंगापूरला गाडी ठेवायची तर दहा वर्षांचं सर्टिफिकेट लिलावात घ्यायचं, ते १ लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलंय, त्यावर गाडी वेगळी. बाबा म्हणाले मग पोर्च भाड्याने द्यावा.

पण सगळंच टेपने मोजून होत नाही हे मान्य. चीनमध्ये जर्मन गाड्या खास लांब करून विकतात, ऑडी ए६ ची तिथे ए६एल होते, सगळी वाढीव लांबी मागच्या सीटला. कारण मालक मागे बसतो, नाहीतर आईवडील मागे बसतात आणि त्यांचा पाय दुमडता कामा नये. हे मला लगेच पटलं. आमच्या टेस्ट ड्राइव्हला मी इंजिन बघत होतो, बायको स्क्रीन बघत होती, आणि निकाल कुणी लावला तर आत्याने, जी मागे बसली, दोनदा उतरली, दोनदा चढली आणि म्हणाली गुडघ्याला त्रास नाही, हीच घ्या. तिथे जगातला कुठला रिव्ह्यू पुरणार. सनरूफ मात्र पोरीच्या हट्टापायी, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

आणि मुहूर्त! मंदार ह्यावर नेहमी हसतो, की तुम्ही पितृपक्षात गाडी घेत नाही. मागच्या वर्षी तर पितृपक्ष संपला २१ सप्टेंबरला आणि टॅक्स कमी झाला २२ ला, घटस्थापनेला, म्हणजे पितरांनीच मीटिंग घेतल्यासारखं, शोरूममध्ये सेल्समन मोबाइलवर लुडो खेळत होते. पण मी मंदारला म्हटलं, इंग्लंडचं बघ. तिथे १ मार्च आणि १ सप्टेंबरला नंबर प्लेटवरचा आकडा बदलतो, म्हणून फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये लोक हात आखडून बसतात आणि मार्च-सप्टेंबरला तुटून पडतात. नवीन आकडा शेजाऱ्याला दिसायला पाहिजे ना. त्यांचापण पितृपक्षच आहे, फक्त आरटीओने ठरवलेला. मंदार म्हणाला ते वेगळं. काय वेगळं ते अजून सांगितलं नाही त्याने.

दसऱ्याला गाडी आली. कुठली ते लिहीत नाही, उगाच जाहिरात. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पेढे, नवश्या गणपतीला जाऊन आलो, सगळं रीतीप्रमाणे. घरी आल्यावर बाबा टेप घेऊन तयारच, मी हळूहळू आत घेतली, भिंतीपासून गेटपर्यंत बरोबर पावणेआठ इंच शिल्लक. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता, मंदारला व्हिडिओ कॉल लावून टेपसकट दाखवलं.

आणि मग मागून आत्याचा आवाज आला, अरे दार उघडत नाहीये. एका बाजूला जिन्याची पायरी, दुसरीकडे पाण्याची टाकी, दार वीतभर उघडायचं आणि थांबायचं. रुंदी मोजलीच नव्हती कुणी. फोनवर मंदार हसून हसून लाल, आणि म्हणाला काका, त्या जपानच्या एन-बॉक्सला मागे सरकते दरवाजे असतात बरं का.

आता आत्या आली की तिला गेटबाहेर उतरवतो आणि मग गाडी आत घेतो. कुंडी गच्चीवर गेली आहे.