तुम्ही विचारलंत म्हणून: दान्ते सतत वेळ का सांगतो?

इटालियन कवी दान्तेची ‘डिव्हाइन कॉमेडी’, म्हणजे नरक, शुद्धीचा डोंगर आणि स्वर्ग यांतून होणाऱ्या प्रवासाचे तीन खंडांचे काव्य, वाचायला घेतलेले लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. ज्या कवीला अखेरीस काळाच्या पलीकडच्या ईश्वराचे दर्शन घडवायचे आहे, तो वाटेत पावलोपावली सूर्य कुठवर चढला आणि चंद्र कधी मावळला, याचा हिशेब का देत बसतो? प्रश्न रास्त आहे. पण गूढानुभव म्हणजे काळातून सुटका, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या मते दान्तेला तेच मान्य नाही.

काव्यातला प्रवास १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यात घडतो. ख्रिस्त ज्या दिवशी मेला त्या शुक्रवारी संध्याकाळी कवी नरकाकडे निघतो आणि पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेपूर्वी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला बाहेर पडतो. ज्या धर्मात ईश्वर स्वतःच इतिहासात जन्म घेतो, त्या धर्माच्या कवीला तिथी-वार क्षुल्लक वाटणे शक्यच नव्हते.

नरकात सूर्य नाही. वेळ सांगावी लागते ती दान्तेला वाट दाखवणाऱ्या प्राचीन रोमन कवी व्हर्जिलला, न दिसणाऱ्या आकाशाच्या अंदाजाने. तिथल्या आत्म्यांची शिक्षाही काळाशीच निगडित आहे. दहाव्या सर्गात जळत्या थडग्यातून डोके वर काढून कावालकांते नावाचा आत्मा आपल्या मुलाची, म्हणजे दान्तेच्या कविमित्राची, चौकशी करतो. दान्ते बोलता बोलता भूतकाळी क्रियापद वापरतो, त्यावरून मुलगा मेला असे समजून तो बाप मागच्या मागे कोसळतो. मुलगा त्या वेळी जिवंत असतो; पण या आत्म्यांना दूरचे भविष्य दिसते आणि घटना जवळ आली की ती अंधूक होते. अंतिम न्यायाच्या दिवशी भविष्याचे दार बंद झाले की त्यांना काहीच कळणार नाही. त्यांच्यापाशी आठवणी आहेत, भाकिते आहेत. आज मात्र नाही.

माझे मन खरे रमते ते मधल्या खंडात, शुद्धीच्या डोंगरावर, जिथे तारण होणारे आत्मे स्वर्गात जाण्याआधी आपली पापे फेडतात. (नरकाची वर्णने वाचून पुस्तक मिटणाऱ्यांची मला थोडी कीवच येते.) दुसऱ्या सर्गाच्या आरंभी जेरुसलेममध्ये सूर्य मावळतो आहे, गंगेवर मध्यरात्र आहे आणि या डोंगरावर दिवस उजाडतो आहे, पृथ्वीच्या टोकांवरचे प्रहर कवी एका दमात सांगतो, कारण इथे प्रत्येक तासाला मोल आहे. रात्री चढता येत नाही. वाटेत भेटलेला कवी सोर्देल्लो जमिनीवर बोटाने रेघ ओढतो आणि म्हणतो की सूर्य मावळल्यावर एवढी रेघदेखील तुला ओलांडता येणार नाही. खाली एका मोठ्या दगडाच्या सावलीत बेलाक्वा गुडघ्यांना मिठी मारून, मान खाली घालून बसलेला असतो. जुने भाष्यकार सांगतात की तो फ्लोरेन्समध्ये वाद्ये बनवणारा कारागीर होता. पश्चात्ताप शेवटच्या घटकेपर्यंत लांबवला म्हणून आयुष्याइतकीच वर्षे त्याने शुद्धीच्या दाराबाहेर थांबायचे आहे. कोणा जिवंत, कृपावंत माणसाने मनापासून प्रार्थना केली तरच ही मुदत घटेल. म्हणजे पृथ्वीवरच्या एखाद्या म्हातारीची संध्याकाळची प्रार्थना परलोकातली वर्षे कमी करते. रोमन कवी स्टेशियस तर पाचशेहून अधिक वर्षे एकाच कड्यावर पालथा पडून होता. त्याची सुटका होते तेव्हा सारा डोंगर हादरतो. पण हुकूम बाहेरून येत नाही, आपण आता शुद्ध झालो आहोत हे त्याच्या इच्छेलाच आतून जाणवते. काळ इथे माणसाला घडवतो.

स्वर्गात गेल्यावर तरी घड्याळ थांबेल अशी अपेक्षा असते, आणि नेमके तिथेच ते वाजू लागते. सूर्याच्या मंडलात मध्ययुगीन धर्मचिंतक थॉमस अक्वायनस आणि इतर ज्ञानी आत्मे फेर धरून गातात, तेव्हा दान्तेला पहाटेच्या उपासनेसाठी उठवणारे यांत्रिक घड्याळ आठवते: त्याचा एक भाग ओढतो, दुसरा ढकलतो आणि ‘टिन टिन’ असा गोड नाद होतो. असे यंत्र त्या काळी अगदी नवे होते. पुढे दान्तेची प्रिया आणि स्वर्गातली वाटाड्या बेआत्रिचे सांगते की काळाची मुळे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आकाशगोलांपैकी सर्वांत बाहेरच्या, वेगवान गोलात, जणू एका कुंडीत आहेत आणि पाने खालच्या गोलांत; आपण फक्त पाने पाहतो. ईश्वर म्हणजे सारे काळ ज्याच्यासमोर एकदमच हजर असतात तो बिंदू. त्यात भूत आणि भविष्य पुसले जात नाहीत, एकत्र सामावतात. इथे कवी सहाव्या शतकातल्या बोएथियस या तत्त्वज्ञाच्या जवळ आहे: शाश्वतता म्हणजे न संपणारी लांबी नव्हे, तर अनंत जीवन एकाच वेळी अखंड लाभणे.

शेवटच्या दर्शनानंतरही त्याला काळाचेच माप घ्यावे लागते. ग्रीक पुराणकथेतल्या आर्गो जहाजाच्या सफरीवर पंचवीस शतकांत जितके विस्मरण साचले, त्याहून अधिक आपल्या त्या एका क्षणावर साचले, असे तो म्हणतो. आणि त्याच्या जरासे आधी, सर्वोच्च स्वर्गात, त्याचा शेवटचा वाटाड्या संत बर्नार्ड चक्क घाई करतो: तुझी वेळ सरत आली आहे, तेव्हा कापड असेल तेवढाच झगा बेतणाऱ्या चांगल्या शिंप्यासारखे आपण इथेच थांबू.