कोळशाच्या खाणीत उतरताय? गमबूट स्वतःचे न्या, आणि ऑक्टोबर टाळा

"पाऊस संपला की या, आत कोरडं ठणठणीत असतं," असं चंद्रपूरच्या एका ओळखीच्यानं सांगितलं आणि आम्ही फसलो. आम्ही तिघं कोल्हापूरजवळच्या शिरोलीतले, पंपाच्या कास्टिंगमध्ये निम्मा जन्म गेलेला. खाणीतलं पाणी पंपातलं फिरतं चाक, म्हणजे इंपेलर, कसं खातं ते डोळ्यांनी बघायचं होतं. पन्हाळा-पावनखिंड भर जुलैत केलेली, त्यामुळे दमाची काळजी नव्हती. त्या इनक्लाइननं, म्हणजे खाणीत उतरायच्या तिरक्या रस्त्यानं, सगळा माज उतरवला.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्धा, सेवाग्रामहून दुसरी गाडी, चंद्रपूर. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, झोपा काढल्या.

"परवानगी काढून देतो" म्हणणाऱ्याला मात्र एक रुपया देऊ नका. आमच्याकडून माणशी ५०० घेतले, जीपचे १,२०० वेगळे, आणि अर्ज शेवटी आम्हीच लिहिला! परवानगी खाणीचा मॅनेजर देतो. कारण लिहून निदान महिनाभर आधी पाठवा, बास. मोबाइल, काडेपेटी, लायटर वरच जमा करावे लागतात. झडती होते, तिथं शहाणपणा नको.

आता तो रस्ता. उतार एकास चार, म्हणजे १०० मीटर खोल जायला चारशेच्या वर मीटर चालायचं. पहिला अर्धा ठीक. पुढं सम्पच्या, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्याच्या, अलीकडं दीडशे पावलांचा एक पट्टा आहे, तो मी जन्मात विसरणार नाही. छताला मारलेल्या बोल्टांच्या भोकांतून धारा लागलेल्या, खाली शेल या ठिसूळ दगडाचा चिखल ग्रीससारखा, आणि हौलेजचे, म्हणजे कोळशाचे डबे ओढायचे, रूळ नि दोर गढूळ पाण्याखाली. पाय कुठं टाकायचा ते कळत नाही. मी दोनदा पडलो, सोबतचा एकदा. भाड्याचे बूट दोन नंबर मोठे होते, त्यात घोट्यापर्यंत पाणी.

आमच्यासोबतचा ओव्हरमन, म्हणजे खाणीतला पर्यवेक्षक, हसत होता. म्हणाला, "तुम्ही सगळ्यात वाईट महिन्यात आलात." वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर नावाच्या खडकांच्या थरांत, आणि त्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी नावाच्या थराचा वालुकाश्म. आपल्या काळ्या पाषाणात विहीर खणली तर पाणी भेगेतून येतं, एखादा उमाळा लागतो. वालुकाश्म भिजलेल्या विटेसारखा अख्खाच पाणी धरून बसतो. जुलैचा पाऊस त्यातून निवांत उतरत राहतो. वर आभाळ निरभ्र, खाली श्रावण चालू. शिवाय कोळसा काढलेल्या भागात, गोफमध्ये, छत बसलं की वरच्या थराला तडे जातात आणि पाण्याला वाट मिळते. जायचंच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा.

पंपाचं सांगतो, कारण त्यासाठीच गेलो होतो. सक्शन, म्हणजे पंपानं खालून पाणी ओढणं, सहा-सात मीटरच्या पुढं भरवशाचं नाही, म्हणून पंप ओल्यातच, पाण्याच्या डोक्यावर बसवावा लागतो. मोटर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वायूला लागू न देणारी. हवेत मिथेन हा पेटणारा वायू सव्वा टक्क्याच्या वर गेला की वीज तोडायची असा नियम आहे. वीज गेली की पंप बंद, आणि पाणी काही थांबत नाही. हे ऐकल्यावर मी सम्पकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. कडेला नारिंगी गाळ साचलेला. कोळशातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं आणि ते साधं बीड, म्हणजे कास्ट आयर्न, चाटून काढतं. आमच्या कारखान्यात बसून आम्ही याला 'मटेरियल डिफेक्ट' म्हणत होतो!

जुन्या, पाणी भरलेल्या खोदकामांजवळ ६० मीटरच्या आत आलं की पुढं भोकं पाडून चाचपतच सरकायचं असतं. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत असंच पाणी फुटून ३७० हून जास्त माणसं गेली. हा विषय ओव्हरमननं वर आल्यावर काढला, खाली नाही.

वर चढताना मात्र जीव गेला. घाम वाळतच नाही. ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, ३३.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. आमच्या वेळी किती होतं विचारायचीही ताकद नव्हती. पाणी प्यायला उतरायच्या आधी एक लिटर, चढल्यावर दोन.

दुसऱ्या दिवशी ताडोबा. छान आहे.

कोल्हापुरात येऊन चार दिवस झाले, गुडघा अजून बोलतोय. परतताना चंद्रपुरात नवे गमबूट घेतले, उगाच. कुणाला पाहिजेत तर घेऊन जा, नऊ नंबर.