कर्ण म्हणजे सांधा

भूमितीच्या तासाला आपल्या शाळेत फळ्याआधी पुठ्ठा यायचा, हे या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नोंदलेच पाहिजे. दोन त्रिकोण जोडून चौकोन होतो, हे वाक्य पाठ करायला सोपे आहे. पण ते कसे जोडायचे, यातच सगळी गंमत आहे.

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. एक बाजू रंगीत, दुसरी पांढरी. ५, ७ आणि ८ सेंमी बाजूंचा त्रिकोण आखायचा आणि दोन कागद एकावर एक ठेवून एकदमच कापायचा. पहिल्याभोवती पेन्सिल फिरवून दुसरा आखला, तर पेन्सिलीच्या जाडीएवढा तो मोठा होतो आणि कडा जुळत नाहीत.

आता ८ सेंमीच्या बाजू एकमेकींना लावा. एक तुकडा तसाच सपाट ठेवून अर्धा फेरा फिरवला तर ५ आणि ७ सेंमी बाजूंचा समांतरभुज चौकोन मिळतो. तोच तुकडा उलटा केला, म्हणजे पांढरी बाजू वर आली, की पतंग. दोन्ही तुकडे रंगीत बाजू वर ठेवून पतंग जमवू पाहणाऱ्याला तो कधीच जमत नाही. तीन बाजू, प्रत्येकीच्या दोन तऱ्हा, असे सहा चौकोन होतात.

३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण घेतला की मुले गोंधळतात. ३ किंवा ४ च्या बाजूवर तुकडा उलटला की चौकोनाऐवजी समद्विभुज त्रिकोणच दिसतो. कापण्यात चूक नसते. दोन काटकोन शेजारी येऊन १८० अंश होतात आणि तो कोपरा सरळ रेषेत विरून जातो. ५ च्या बाजूवर मात्र अर्धा फेरा दिला की आयत. मराठीत काटकोनासमोरची बाजू आणि चौकोनाचा तिरका छेद या दोहोंना ‘कर्ण’ म्हणतात; इथे त्रिकोणाचा कर्णच आयताचा कर्ण होतो.

चौकोन रचनेत चार बाजू आणि एक कर्ण अशी पाच मापे लागतात, तीही याचमुळे. पहिल्या त्रिकोणाला तीन, दुसऱ्याला दोनच, कारण सांधा सामाईक. कंपासचे कंस छेदतच नसतील तर कर्णाच्या एका बाजूच्या दोन भुजांची बेरीज कर्णापेक्षा कमी किंवा त्यांचा फरक कर्णापेक्षा जास्त भरतो आहे. दुसरे कंस कर्णाच्या पहिल्याच बाजूला काढले, तर त्रिकोण एकमेकांवर चढतात.

कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) सरळ पिशाच म्हटले आहे. चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट हलवून पाहिली की त्यांचा राग पटतो.

त्याच ग्रंथातला २५, ३९, ६०, ५२ बाजूंचा चौकोन प्रत्येकाने एकदा तरी कापावा. काटकोन करणाऱ्या बाजू १५ व २०, १५ व ३६, ३६ व ४८, २० व ४८ असे चार काटकोन त्रिकोण घ्या. एकक २ मिमी धरले तर वहीच्या पानावर मावतात. चारही काटकोन एका बिंदूत आणून सारख्या लांबीच्या कडा जुळवा. कर्ण ५६ आणि ६३ येतात, क्षेत्रफळ १७६४. मधोमध फट राहिली, तर गुण्याचा झिजलेला कोपरा तपासा.