किल्ला तलावाची फेरी आणि रस्त्यापलीकडचे बेळगाव

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकातून चालत गेल्यास किल्ला तलाव फारसा लांब नाही. पाऊस ओसरून तलाव काठोकाठ भरला की परगावच्या पाहुण्यांना मी सर्वप्रथम तेथेच नेतो. या खेपेस कोल्हापूरचा मावसभाऊ बरोबर होता. काठाच्या पायवाटेवर निवृत्त मंडळींच्या गप्पा मराठी, कन्नड आणि दोहोंच्या मिश्रणात चालल्या होत्या, तर उथळ पाण्यात बगळे भक्ष्यावर नजर रोखून उभे होते.

तलावाकाठी २०१८ साली उभारलेला ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ दुरूनही दिसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या या गावात पावसाळी वारे इतके जोरकस असतात की एवढा विशाल ध्वज फडकत ठेवणे सोपे नाही. रिकामा स्तंभही मी पाहिला आहे.

बहुतेक जण तलावाची फेरी आटोपून तेथूनच परततात. मला मात्र वाटते की रस्ता ओलांडून, खंदकामागच्या किल्ल्यात गेल्याशिवाय ही फेरी पुरी होत नाही. प्रवेशद्वाराजवळच्या गणपतीचे आणि दुर्गादेवीचे दर्शन घेऊन आम्ही आत शिरलो व थेट कमल बस्तीकडे वळलो. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास उभारलेले हे जैन मंदिर. मुख्य मूर्ती तीर्थंकर नेमिनाथांची असली, तरी मान आपोआप वर वळते ती मंडपाच्या छतातील उमललेल्या दगडी कमळामुळे. पाकळ्यांचे थर इतके खोल कोरले आहेत की एवढा भार अधांतरी कसा राहिला, असा प्रश्न मावसभावाला पडला.

या जिनालयाला दिलेल्या दानाची नोंद करणारे शके ११२७ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत वेणुग्राम, म्हणजे तत्कालीन बेळगाव, येथील व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो आणि त्यांत लाट (आजचा दक्षिण गुजरात) व मलयाळ (केरळ) प्रदेशांतील व्यापारीही दिसतात. आठशे वर्षांपूर्वीही ही पेठ अनेक भाषा बोलत होती, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा पुरावा मला ठाऊक नाही. म्हणूनच तलावाच्या उद्यानात एखादे माहिती केंद्र असावे, तेथे या लेखांचे ठसे मराठी व कन्नड अर्थासह लावावेत आणि किल्ल्याचा नकाशा मिळावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. नौकाविहाराला येणारी शाळकरी मुले तो नकाशा घेऊन आपणहून रस्ता ओलांडतील.

पुढे सफा मशीद बाहेरूनच पाहून आम्ही रामकृष्ण मिशनच्या आश्रमात गेलो. ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावला आलेले स्वामी विवेकानंद आधी वकील भाटे यांच्या घरी राहिले आणि नंतर वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या किल्ल्यातील बंगल्यात. तो बंगला आता स्मारक म्हणून जपला आहे. स्वामीजीही कोल्हापूरहूनच आले होते, हे कळताच मावसभावाला भलताच अभिमान वाटला आणि भाट्यांचे घरही आजच पाहायचे, असा हट्ट त्याने धरला. ते रिसालदार गल्लीत आहे. ऊन चढले होते, तरी आम्ही रिक्षा न करता चालतच निघालो. किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात असल्याने छायाचित्रे काढण्यापूर्वी तेथे विचारून घ्यावे, एवढे मात्र जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.