चौघं, चार रात्री, बँकॉक: नागपूरहून कॉन्ट्री काढून

विमानाचं तिकीट स्वस्तात मिळालं की कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांना वाटतं, झालं काम. बँकॉकमध्ये चौघांनी चार रात्री काढल्यावर आमचा हिशोब वेगळंच सांगतो. तिकिटात वाचलेले पैसे एटीएमची फी, चुकीची बोट, हॉटेलवरचे कर आणि घाईतल्या टॅक्सीत गळून जातात. म्हणून इथे देवळांची वर्णनं कमी आणि गळती कुठे होते ते जास्त.

नागपूरहून थेट उडणारी परदेशी विमानं आखाताकडे जातात. पूर्वेला जायचं तर विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारा रस्ता कोलकात्याचा. संध्याकाळी नागपूरहून गीतांजली पकडली की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. वेळापत्रकात सतरा-अठरा तास आहेत, पण या मार्गावर गाडी तीन-चार तास उशिरा पोचली तर कुणाला नवल वाटत नाही. रेल्वे आणि विमान ही दोन वेगळी तिकिटं आहेत. गाडी लेट झाली म्हणून विमान कंपनी पैसे परत करत नाही. गाडीची पोचायची वेळ आणि विमानाची वेळ यात किमान दहा तास ठेवा. तेवढं जमत नसेल तर नागपूर-कोलकाता थेट विमान आहे, तेच घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि विमानाचं तिकीट त्याच्या बरंच आधी काढलेलं असतं, तेव्हा फोनवर गजर लावून ठेवा.

हावड्याहून विमानतळासाठी पिवळी टॅक्सी शोधायची आता गरज नाही. हावडा स्टेशनच्या खालूनच मेट्रो निघते आणि हुगळीच्या पात्राखालून एस्प्लनेडला जाते. तिथे ब्लू लाइन धरून नोआपाडा, नोआपाड्याहून यलो लाइनने विमानतळाचं जय हिंद स्टेशन. हा शेवटचा तुकडा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. मात्र रात्री उशिरा मेट्रो नसते आणि बँकॉकची स्वस्त विमानं बरीचशी रात्रीच असतात. तेव्हा संध्याकाळीच विमानतळ गाठून तिथे बसलेलं बरं. आणखी एक नेहमीची चूक: तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:५० असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री पोचायचं असतं. १५ च्या रात्री सामान घेऊन येणारे दर हंगामात भेटतात.

कागदपत्रांत अवघड काही नाही. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा. भारतीयांना १५ जुलै २०२४ पासून व्हिसाशिवाय ६० दिवसांचा प्रवेश मिळू लागला, पण हे नियम बदलत असतात. तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाचं पान त्याच आठवड्यात बघा, मित्राच्या जुन्या मेसेजवर विसंबू नका. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा. विद्यार्थ्यांच्या टोळक्याला काउंटरवर हे जास्त विचारतात, आणि खर्चाचे पैसे दाखवा असंही म्हणू शकतात.

आता पैसे. हिशोबाला एक बाट तीन रुपये धरा. खरा दर त्याहून कमी असला तर तेवढी संत्रा बर्फी जास्त. नागपुरातच मनी चेंजरकडून शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा घ्या. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट लागतं. छोट्या नोटांना तिकडे दर कमी मिळतो. पेनाची रेघ किंवा फाटका कोपरा असलेली नोट सरळ परत येते. रुपये नेऊन बदलणं हा सर्वात महागडा प्रकार. सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडल्या पडल्या जे काउंटर दिसतात तिथे थांबू नका. सरकत्या जिन्याने तळघरात उतरा, एअरपोर्ट रेल लिंकच्या तोंडाशी असलेल्या काउंटरांवर दर चांगला असतो. थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी सव्वादोनशे बाटच्या आसपास फी कापतं, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. म्हणून काढायचेच असतील तर एकानेच, एकदाच, चौघांचे काढावेत. मशीनने 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारलं तर नाही म्हणायचं. हो म्हटलं की दर मशीनवाल्या बँकेचा लागतो.

टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) परदेशात चालत नाही. बोटीच्या तिकिटापाशी चौघं चार पाकिटं काढून उभे राहिले की मागची रांग खोळंबते. रोज सकाळी प्रत्येकी ५०० बाटची कॉन्ट्री एका पाकिटात टाका. प्रवास, पाणी आणि एकत्र जेवण त्यातून. खरेदी आणि रात्रीचे शौक ज्याचे त्याने. पाकीट सांभाळणारा रोज बदलावा, म्हणजे एकट्यावर बिल येत नाही.

राहायला खाओ सान रोड सगळे सुचवतात. तिथली रात्र मजेची असते, पण जवळ मेट्रो नाही आणि रोजची ये-जा महाग पडते. असोक, फाया थाई किंवा साला डेंगच्या आसपास डॉर्मचा बेड साधारण ३०० ते ५०० बाटला मिळतो. अॅपवरचा पहिला आकडा करांशिवायचा असू शकतो. १० टक्के सेवाशुल्क आणि वर ७ टक्के व्हॅट मिळून १७.७ टक्के वाढतात. शेवटच्या पानावरचे आकडेच एकमेकांशी ताडून बघा. चौघांना चार बेडचा खाजगी डॉर्म कधी कधी सुट्या बेडांपेक्षा स्वस्त पडतो. आणि हो, जेट स्प्रे सगळीकडे असतो, त्या बाबतीत घरच्यासारखंच आहे.

सुवर्णभूमीहून फाया थाईपर्यंत रेल लिंकने माणशी ४५ बाट आणि अर्धा तास. चौघांचे १८०. टॅक्सीला मीटर, विमानतळाचे जादा ५० आणि एक्स्प्रेसवेचा टोल धरला तर त्याच्या दुपटीकडे जातं, शिवाय डिकीत चौघांच्या बॅगा मावत नाहीत. मध्यरात्रीनंतर रेल्वे बंद असते, तेव्हा टॅक्सीच. विमान डॉन मुआंगला, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या विमानतळावर, उतरत असेल तर रेल लिंक विसरा. तिथून ए१ बस मो चितला जाते, ३० बाटमध्ये.

शहरात बीटीएस आणि एमआरटी या मेट्रोच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, तिकिटंही वेगळी. गोंधळ असा की एकाच चौकातल्या दोन स्टेशनांची नावं वेगळी. बीटीएसचं असोक म्हणजे एमआरटीचं सुखुमवित, साला डेंग म्हणजे सी लोम, मो चित म्हणजे चतुचक पार्क. नकाशावर नाव सापडत नाही म्हणून लोक उलट्या दिशेला जातात. एमआरटीच्या गेटवर कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट चालतं, फक्त ते माणशी एक हवं. दोन-तीन किलोमीटर जायचं असेल तर चौघांना बोल्ट या टॅक्सी अॅपची गाडी बीटीएसपेक्षा स्वस्त पडते. संध्याकाळी पाच ते सात मात्र नाही. त्या वेळी सुखुमवित रस्त्यावर गाडी वर्धा रोडच्या जामची आठवण करून देते, फक्त इथे हॉर्न कुणी वाजवत नाही.

देवळांचा दिवस असा लावा. सकाळी साडेआठला ग्रँड पॅलेस, उघडताच. तिकीट ५०० बाट. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, हाफ पँटवाल्याला दारातून परत पाठवतात. आतल्या वरांड्यांत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रं आहेत. हनुमान तिथे पांढरा आणि बराच रसिक आहे, आपल्या ब्रह्मचारी मारुतीशी त्याचं जमायचं नाही. यालाच एक तास द्या. राजवाड्याच्या बाहेर एखादा गोड बोलणारा माणूस 'आज बंद आहे, मी तुम्हाला वीस बाटमध्ये दुसरी देवळं दाखवतो' म्हणेल. राजवाडा क्वचितच बंद असतो आणि त्या माणसाची टुकटुक (तिथली रिक्षा) रत्नांच्या दुकानात जाते. मान हलवून गेटपर्यंत चालत राहा.

तिथून पायी वाट फो (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ). ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तिकीट ३०० बाट. मग मागच्या था तियेन धक्क्यावरून पलीकडे वाट अरुण, होडीचे ५ बाट, देवळाचे २००. तिन्ही मिळून माणशी हजार बाट, म्हणजे तीन हजार रुपये. बजेट आखडतं असेल तर वाट अरुण अलीकडच्या काठावरून सूर्यास्ताला बघा. लांबूनच तो जास्त शोभतो आणि ते फुकट आहे. परतताना नारिंगी झेंड्याची बोट धरा, १६ बाटमध्ये साथोर्न धक्का, म्हणजे सफान ताक्सिन बीटीएस. निळ्या झेंड्याची टूरिस्ट बोट त्याच पाण्यातून जाते, पैसे मात्र बरेच जास्त. नारिंगी बोट संध्याकाळी लवकर बंद होते.

नागपूरचा उन्हाळा अंगवळणी पडलेला असला तरी इथे फुशारकी नको. आपल्याकडे ४५ अंशांत घाम लगेच वाळतो, इथे ३४ मध्येही वाळत नाही. एका दिवसाला दोन टी-शर्ट धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरा.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांस नसून माशाचा सॉस आहे. तो भाजीत, सॅलडमध्ये, सगळीकडे पडतो. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर मांस काढून सॉस तसाच ठेवतात. 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर दिसलं की तिथे मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, कांदा-लसूणही नाही. जैन मित्राने मात्र कंदमुळं आहेत का ते विचारून घ्यावं. फाहुराटच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. त्यासाठी साम योत स्टेशन. मांसाहाऱ्यांना ५०-७० बाटमध्ये रस्त्यावर पोटभर मिळतं, पण सावजीची सवय असलेल्याने 'थाई स्पायसी' म्हणून हिंमत दाखवू नये. तिथली छोटी मिरची वेगळ्याच जातीची.

एक गोष्ट गंमत म्हणून घेऊ नका. गांज्याच्या फुलाला जून २०२५ पासून तिथे डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि भारतात आणणं हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालचा, गुन्हा आहे. परतीच्या विमानात कुणाचंही पाकीट, 'माझ्या भावाला द्या' म्हणूनही, घेऊ नका. ई-सिगारेट दोन्ही देशांत बंदी असलेली वस्तू.

परतीच्या दिवशी कॉन्ट्रीच्या पाकिटात नाणी उरतात. ती कुठलाही मनी चेंजर घेत नाही. सकाळीच सेव्हन-इलेव्हनमध्ये पाणी आणि टोस्टमध्ये संपवा, नोटा शक्यतो रात्रीच्या जेवणाला. उरलेल्या नोटा विमानतळावर बदलू नका, पुढच्या बॅचमधला कुणीतरी जातोच.