लाइट किती टक्क्यांवर ठेवायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

“तुमचा लाइट किती टक्क्यांवर असतो?” रीफ टँकचा, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा, फोटो दिसला की पहिला प्रश्न हाच येतो. उत्तरात आकडा दिला नाही तर समोरच्याला वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय. लपवण्यासारखं काही नाही. तो आकडा तुमच्या कामाचा नाही, एवढंच. ६० टक्के म्हणजे नेमका किती प्रकाश, हे लाइटचं मॉडेल, लेन्स, पाण्यापासूनची उंची आणि पाण्याची खोली यांवर ठरतं. तोच लाइट २० सेंटिमीटर वर टांगला तर टक्के तेच राहतात, कोरलला मिळणारा प्रकाश मात्र बदलतो.

मग पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) सांगा, असं म्हणाल. सांगतो. सॉफ्ट कोरलना ५० ते १५०, बहुतेक एलपीएसना (मोठे पॉलिप, म्हणजे कोरलचे इवले जीव, असलेल्या कठीण कोरलना) ८० ते १५०, ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या एसपीएसना (लहान पॉलिपच्या कठीण कोरलना) २०० ते ३५०. मोजायचं ते कोरल जिथे बसवलंय तिथे, पाण्याखाली. लक्स मीटर निळ्या एलईडीखाली फसवतो. तो माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडावर बेतलेला असतो आणि निळा रंग त्यात फार कमी धरला जातो. पूर्वी मी एवढं सांगून थांबायचो. आता थांबवत नाही, कारण मीटरवर अगदी योग्य पीएआर दिसत असतानाही कोरल पांढरं पडल्याचे फोटो येत राहतात आणि त्याखाली प्रश्न असतो, “आकडा तर बरोबर होता ना?”

आकडा बरोबर होता. पण तो टँकमधल्या एकाच गोष्टीचा होता. कोरलच्या पेशींतली झूझँथेली, म्हणजे तिथे राहणारं सूक्ष्म शेवाळ, प्रकाशावर साखर बनवते, त्या ऊर्जेवर कोरल सांगाडा घडवतं, आणि सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. प्रकाश बदलला की पाण्यातून कार्बोनेट उचलण्याचा वेग बदलतो. लाइट आणि पाणी हे दोन वेगळे विषय धरून विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा: रोज अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, किती खर्च होते?

बाकीचे आकडे तुम्हाला माहीत असतात, म्हणून भरभर सांगतो: क्षारता (मिठाचं प्रमाण) ३५ पीपीटी, तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. मॅग्नेशियम फार खाली गेलं तर हीटरवर आणि पंपाच्या इंपेलरवर पांढरा थर साचू लागतो आणि घातलेलं कॅल्शियम कोरलपर्यंत पोचतच नाही.

आता आकडा बरोबर असूनही कोरल पांढरं पडतं, ती घटना. ती इतक्या जणांकडून, इतक्या सारख्या क्रमाने ऐकली आहे की एकाच टँकची वाटते. ॲक्रोपोरा तपकिरी दिसू लागतं. नायट्रेट २० पीपीएम, फॉस्फेट ०.१५, पीएआर १५० च्या आसपास. निदान बरोबर होतं: पोषकं जास्त, प्रकाश कमी, म्हणून झूझँथेली दाटली. मग एकाच दिवशी दोन्ही उपाय केले जातात. लाइट ४० वरून ८० टक्के आणि रिॲक्टरमध्ये (पाणी ज्यातून फिरवतात त्या नळकांड्यात) भरपूर जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे. सोबत नवा ॲक्टिव्हेटेड कार्बनही. कार्बन पाण्यातला पिवळेपणा काढून टाकतो. तो पिवळेपणा निळा प्रकाश शोषत होता, त्यामुळे तो गेल्यावर प्रकाश आणखी वाढतो. मीटरला कुणी पुन्हा हात लावत नाही.

पेशी झूझँथेलीने भरलेली आणि वरून दुप्पट प्रकाश. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा तेवढी ऊर्जा पेलू शकत नाही, पेशीला इजा करणारी ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल झूझँथेली बाहेर टाकू लागतं. फांदी जवळून पाहा. लाइटकडची वरची बाजू फिकट, खालची सावलीतली बाजू अजून तपकिरी. त्वचा जागेवर आहे, पॉलिप बाहेर आहेत, पण काचेसारखे पारदर्शक. हे प्रकाशाने झालेलं ब्लीचिंग. कोरल अजून जिवंत आहे.

खरा घात इथून पुढे होतो. झूझँथेली गेली, ऊर्जा गेली, सांगाड्याचं काम थांबलं. कोरलने खर्च केलेलं कार्बोनेट आणि कॅल्शियम रोज भरून काढणाऱ्या डोसिंग पंपाला हे कळत नाही. तो कालच्याइतकाच डोस ओततो. अल्कलिनिटी ८ वरून १०.५ वर जाते. तिकडे जीएफओने फॉस्फेट पाणी तपासायच्या किटवर दिसेनासं केलेलं असतं. कमी पोषकं आणि चढी अल्कलिनिटी एकत्र आली की फांद्यांची टोकं जळाल्यासारखी पांढरी होतात. घाबरून डोसिंग पूर्ण बंद होतं. टँकमधली बाकीची कोरल आणि कोरलाइन शेवाळ कार्बोनेट घेतच असतात, म्हणून अल्कलिनिटी घसरते. वर-खाली असे दोन धक्के बसले की बुडाकडून त्वचा सुटू लागते. आणि शेवटी प्रश्न येतो: “लाइट ७० टक्के ठेवायला हवा होता का?”

नाही. ४५ ठेवायला हवा होता, आठवडाभर, आणि जीएफओला हात न लावता. पण माझं म्हणणं त्याहून वेगळं आहे. अल्कलिनिटी चढू लागली त्या दिवशीच टँकने उत्तर दिलं होतं. डोस तोच आणि अल्कलिनिटी वर जातेय, याचा अर्थ कोरलने बांधकाम थांबवलं. रंगात फरक दिसायच्या आधी बऱ्याचदा हे किटवर दिसतं.

अल्कलिनिटीचा रोजचा खप मोजायचा असा. डोसिंग २४ तास बंद ठेवा. दोन्ही वेळा एकाच घड्याळी वेळेला, एकाच किटने अल्कलिनिटी तपासा. दिवसा आणि रात्री खप सारखा नसतो, म्हणून वेळ पाळायची. समजा ८.४ वरून ७.७ झाली. रोजचा खप ०.७ डीकेएच. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे ३०० लिटरला ०.७ साठी ६.३ ग्रॅम. हे ३०० लिटर म्हणजे प्रत्यक्ष पाणी. खडक आणि वाळूने अडवलेली जागा वजा करून. १ डीकेएचमागे कॅल्शियम साधारण ७ पीपीएम जातं, तेव्हा इथे रोज ५ पीपीएम, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साडेपाच ग्रॅम. दोन्ही द्रावणं एकाच वेळी एकाच जागी ओतू नका. पांढरा ढग उठतो, तो तुमचा डोसच वाया चाललेला असतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्या आणि संपमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) प्रवाह जोरात असेल तिथे घाला.

मग आठवड्याला ५ टक्के लाइट वाढवा आणि खप पुन्हा मोजा. वाढला तर डोस वाढवा. जिथे प्रकाश वाढूनही खप वाढत नाही, तिथे थांबा. खप उलट कमी झाला तर एक पायरी मागे या. तुमच्या टँकचे टक्के असे मिळतात. माझे घेऊन काय कराल?

“एवढं किचकट कशाला करता?” हेही ऐकवलं जातं. मान्य, नुसती झोआ आणि मशरूम, म्हणजे सांगाडा न बांधणारी कोरल, असतील तर यातलं बरंचसं सोडून द्या. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी पुष्कळदा भागतं. पण ॲक्रोपोरा ठेवायचं आणि खप मोजायचा नाही, हे मला पटत नाही. फॉस्फेटच्या बाबतीत मात्र मी माझ्याशीच भांडतो. आधी ०.०३ च्या वर गेलेलं सहन व्हायचं नाही. आता ०.०८ ला टोकं भराभर वाढणारे टँक पाहून जीएफओ काढून ठेवावासा वाटतो. मग फिकट, उजळ रंगाचं एखादं ॲक्रोपोरा दिसतं आणि जीएफओ परत आठवतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य नकोत, एवढ्यावर मी ठाम आहे. तिथे डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे चिकट, त्रासदायक सूक्ष्मजीव) माजतात.

ज्यांचं कोरल आज पांढरं पडलंय त्यांच्यासाठी: ते जागेवरून हलवू नका, लाइट आधीच्या पातळीवर आणा, प्रवाह तसाच ठेवा. खप नव्याने मोजून डोस तेवढाच करा. अल्कलिनिटी चढलेली असेल तर दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त उतरू देऊ नका. पॉलिप बाहेर असतील तर बारीक खाद्य द्या. त्वचा बुडाकडून सुटत असेल आणि तासातासाला वर सरकत असेल, तर वाट पाहू नका. सुटलेल्या रेषेच्या वर सेंटिमीटरभर जिवंत भाग सोडून फांदी बोन कटरने कापा, जेल ग्लूने प्लगवर (कोरल चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) बसवा आणि १०० ते १५० पीएआरमध्ये ठेवा.