तुम्ही विचारलंत म्हणून: तिला ‘ळ’ येतो, मग मला का नाही?

मी पुण्यात अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. प्रत्येक तुकडीत कुणीतरी हे विचारतंच: “मॅडम, आम्ही एकाच गावचे, एकाच दिवशी वर्गात आलो. तिला ‘ळ’ जमला, मला का जमत नाही?”

वयाचा भाग आहेच. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’ मधला फरक ऐकू येतो, आणि वर्षाची होईस्तोवर बहुतेकांचा तो हरवतो. कान इतक्या लवकर घरच्या भाषेचा होऊन जातो.

पण माझ्याकडे कानपूरच्या दोन सख्ख्या बहिणी आल्या. दोघीही तिशी ओलांडलेल्या, दोघींची हिंदी एकच. तिथे वयाचं उत्तर पुरेना.

धाकटी आजही ‘माझा भाजी’ म्हणते. पण ‘बाळ’, ‘केळी’, ‘सकाळ’ कसं स्वच्छ! तिला नकला करायची आवड. मंडईतल्या मावशींचा हेल घरी जाऊन जसाच्या तसा काढून दाखवायची. लहानपणी गाणंही शिकलेली. सूर धरणारा कान उच्चारही धरतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय.

थोरली अभ्यासू. पेपर वाचते, शुद्ध लिहिते. मात्र बोलायच्या आधी वाक्य मनात तीनदा घोळवते, आणि बोलताना ओठ जेमतेम हलतात. एका हळदीकुंकवाला ती ‘पोली’ म्हणाली आणि बायका हसल्या. तेव्हापासून ती ‘ळ’ चुकवत आली: पोळीला चपाती, वेळेला टाइम, ‘सकाळी’च्या जागी ‘आठ वाजता’. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. जो ‘ळ’ तोंडात येऊच दिला नाही, तो जिभेवर बसणार कुठून?

अमेरिकेत अलेक्झांडर गियोरा आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एक प्रयोग मांडला होता. इंग्रजी भाषकांना थोडं मद्य दिलं, तर अनोळखी थाई शब्दांचे त्यांचे उच्चार सुधारले. जास्त दिल्यावर नाही. जीभ तीच होती, संकोच तेवढा सैल झाला. म्हणून मला कुणी एकच कारण विचारलं, तर मी संकोच म्हणते. आणि तो बहुतेक वेळा ऐकणाऱ्यांनी दिलेला असतो.

काहींना आपला हेल सोडायचाच नसतो. त्यात त्यांचं गाव असतं. त्यांना मी दुरुस्त करत बसत नाही. पोलंडचा जोसेफ कॉनरॅड विशीत इंग्रजी शिकला, त्या भाषेतला थोर कादंबरीकार झाला, पण बोलण्यातली पोलिश छटा शेवटपर्यंत राहिली.

थोरलीला मात्र ‘ळ’ हवा होता. तिला म्हटलं, ‘ट’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे टेकवा आणि पुढे झटकून सोडा. ‘काल-काळ’, ‘वेल-वेळ’ रोज फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐका. दुसऱ्या कुणाला ऐकवू नका. तीन आठवडे तिने ते केलं. मग एका बुधवारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी गाडीवर थांबलो. ती म्हणाली, “अर्धा डझन केळी द्या.” ‘ळ’ अजून अर्धा ‘ल’च होता. केळीवाल्याने सहा केळी मोजून तिच्या पिशवीत टाकली आणि विचारलं, “अजून काही, ताई?”